शहाण्णव टक्के

एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज येतो आणि देशभर एकाच आकड्याची चर्चा सुरू होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या पावसाची देशाची सरासरी 87 सेंटीमीटर. तिच्या 96 ते 104 टक्के पडला तर ‘सामान्य’, 90 ते 95 टक्के पडला तर ‘सामान्यपेक्षा कमी’. आता गंमत अशी, की हा अंदाज पाच टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, हे त्याच पत्रकात छापलेलं असतं. म्हणजे शास्त्रापुरतं बोलायचं तर 95 आणि 96 एकच. दिल्लीत मात्र 95 म्हटलं की बैठका लागतात, धान्यसाठ्याचे हिशेब निघतात, शेअर बाजार कुरकुरतो. 96 म्हटलं की पेढे!

माझी उमेदीची वर्षं पुण्यातल्या ‘सिमला ऑफिस’मध्ये अंदाजाची मॉडेलं चालवण्यात गेली. (1928 साली हवामान खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्याला आली आणि येताना नावही घेऊन आली.) पुढे दिल्लीला, पृथ्वी विज्ञान मंत्रालयात, फायलींशी गाठ पडली. ‘शास्त्रातून उठलास’ असं मित्र म्हणत. पण अधिक-उणे पाच हा तपशील शास्त्रज्ञाच्या टिपणात ठळक असतो, एक पायरी वर गेला की तळटिपेत जातो आणि भाषणात पोचेपर्यंत गळतो. तो गळू न देणं हेच तिथलं निम्मं काम. ते शास्त्रज्ञानंच करायला हवं, कारण तो तपशील गेल्याचं दुसऱ्या कुणाला दुःख होत नाही.

हे अधिक-उणेही कधी अपुरं पडतं, ते 2002 साली दिसलं. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या चमूनं बांधलेलं 16 घटकांचं मॉडेल 1988 पासून खात्याला साथ देत आलं होतं. त्या वर्षी अंदाज होता 101 टक्के, पडला 81. एकट्या जुलैत निम्माच पाऊस. पुढच्या वर्षी मॉडेलं बदलली, अंदाज एप्रिल आणि जून अशा दोन टप्प्यांत येऊ लागला. 2012 च्या मान्सून मिशननंतर समुद्र आणि वातावरण एकत्र सोडवणाऱ्या मॉडेलावर भर आला. ही सगळी प्रगती खरी आहे, पण 95-96च्या उंबरठ्याचा प्रश्न तसाच राहिला.

शेतकऱ्याला गाठणारा उंबरठा वेगळा. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पंचनामे, मग मदत. हे चोवीस तास सकाळी साडेआठला संपतात. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत सलग कोसळलेल्या 80 मिलिमीटर पावसाचे मोजणीत 40-40 असे दोन दिवस होऊ शकतात. कागदावर अतिवृष्टी नाही, सोयाबीन मात्र आडवं. 2023 मध्ये राज्यानं ‘सततचा पाऊस’ हीदेखील नैसर्गिक आपत्ती मानली. हे शहाणपणाचं झालं, उशिरा का होईना.

शिवाय मोजलेल्या पावसाचा आकडा कुठून येतो, तेही पाहावं. राज्याच्या महावेध प्रकल्पात मंडळामंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली आहेत. अशा पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातून पाणी एका इवल्याशा वाटीत पडतं. वाटी भरली की कलंडते आणि कलंडण्याची नोंद होते. नरसाळ्याच्या तोंडाशी पाला अडकला, कोळ्यानं जाळं विणलं, पाखरानं चार काड्या टाकल्या, की बाहेर मुसळधार आणि पडद्यावर शून्य. शेजारी कुणी शेवगा लावला असेल तर शेंगा धरेपर्यंत निम्मा पाऊस तोच अडवतो. नियम असा, की अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. पण झाड वाढतं आणि केंद्राची पाहणी बहुधा एकदाच, बसवताना होते.

मॉडेलं चालवणाऱ्या महासंगणकाची फाइल लवकर हलते, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. नरसाळं पुसणाऱ्या माणसाच्या रोजंदारीचा रकाना केंद्रांच्या फाइलीत शोधून सापडत नाही. तो घालायला लावणं हे मला कुठल्याही शोधनिबंधाहून अवघड गेलं. पैसे मंजूर करणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असे: यंत्र तर नवं आहे, मग आत्ताच देखभाल कसली?