यायला घोडा, जायला गाय

गेली अठरा वर्षे मी मुलांना करुणरस शिकवीत आलो आहे. शोक हा त्याचा स्थायीभाव, अश्रू हा अनुभाव, असे फळ्यावर लिहितो आणि घंटा झाली की हाताचा खडू झटकून चहाला जातो. परंतु गेल्या वर्षी श्रावणात आमचे अण्णा गेले आणि दहाव्या दिवशी नाशकात, गोदावरीच्या काठी मी पिंडासमोर उभा राहिलो, तेव्हा या विषयात आपण अगदीच कच्चे आहोत हे माझ्या ध्यानात आले.

पिंड मांडून तास होत आला तरी कावळा शिवेना. पिंपळावर दहाबारा कावळे बसले होते. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांसारखे माना वाकड्या करून आमच्याकडे पाहत होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. घाटावरच्या कावळ्याचे पोट सकाळीच भरलेले असते, एवढे मला कळते. पण भाऊकाका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही." कावळे ढिम्म. मग ताई डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, तुमची झाडं मी दर रविवारी येऊन पाहीन." तरीही नाही. शेवटी काका माझ्याकडे वळले. "तू बोल रे काहीतरी. तुझ्यातच जीव अडकला असेल."

आणि बोलण्यावरच ज्याचे पोट चालते तो मी गप्प उभा राहिलो.

काय राहिले होते ते मला चांगले ठाऊक होते. काचबिंदूने अण्णांची दृष्टी गेली होती. मी कॉलेजातून आलो की ते विचारीत, "आज काय म्हणतंय वर्तमानपत्र?" माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असे. मी म्हणे, "उद्या वाचतो, अण्णा." ते "बरं" म्हणत, हाताने चाचपून अंकाची घडी घालीत आणि तो उशाखाली ठेवून देत. ज्या माणसाने पोस्टमन म्हणून छत्तीस वर्षे अक्षरशत्रू म्हाताऱ्यांना त्यांच्या मुलांची पत्रे ओट्यावर बसून वाचून दाखवली, त्याला मी चार ओळी वाचून दाखवल्या नाहीत. आता पिंडासमोर वचन तरी कसले देणार? "उद्या वाचतो" हेच ना?

अखेर गुरुजींनी उन्हाकडे पाहिले, दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे. काकांनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र वाटले, ही सोय मेलेल्यांसाठी नसून माझ्यासारख्या गप्प राहणाऱ्यांसाठीच कोणीतरी करून ठेवली असावी.

माणसाला दुःख झाले की कोणी तीर्थयात्रेला जातो, कोणी पत्ते कुटतो. मी ग्रंथालयात जातो. जगातली इतर माणसे आपल्या माणसांना निरोप कसा देतात, हे मी वाचू लागलो.

इंडोनेशियात सुलावेसी नावाचे बेट आहे. तेथील डोंगरात तोराजा लोक राहतात. घरचे माणूस गेले, तरी मोठा अंत्यविधी होईपर्यंत ते त्याला मेलेले म्हणतच नाहीत, 'आजारी' म्हणतात. देह घरातच जपून ठेवतात, त्याच्यापुढे जेवण ठेवतात, त्याच्याशी बोलतात. विधीला रेडे लागतात, दूरचे नातेवाईक यावे लागतात, पैसा जमवावा लागतो. त्यात महिने जातात, कधी वर्षेही. वाचताना मला त्यांचा हेवा वाटला. 'उद्या वाचतो' म्हणणाऱ्या मुलाला तेथे खरोखरच उद्या मिळतो.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांत देह सामाईक सभास्थानी ठेवतात, सहसा तीन दिवस. त्याला क्षणभरही एकटे सोडीत नाहीत. येणारा प्रत्येक वक्ता उभा राहून त्याच्याविषयी नव्हे, तर थेट त्याच्याशीच बोलतो. स्तुती करतो, प्रसंगी रागेही भरतो. दफनभूमीतून निघताना हातांवर पाणी घेतात आणि मग सगळे मिळून जेवतात. आपण परत येऊन कडुनिंबाचे पान चावतो. दोघांनाही मृत्यूच्या आवारातून घरात परत यायचे असते.

जपानात दहनानंतर आप्त दोघादोघांनी काड्यांनी अस्थी उचलतात. पायापासून सुरुवात करून डोक्याशी संपवतात. कलशात माणूस उलटा राहू नये म्हणून. यामुळेच जेवताना एकाने आपल्या काड्यांतला घास दुसऱ्याच्या काड्यांत देणे तेथे अशुभ मानतात.

आणि लांब कशाला जायचे? मुंबईत मलबार हिलवर पारशी लोकांच्या दोखम्यांना पक्ष्यांचाच आधार होता. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे मेली. सरकारने 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी घातली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. मग कोणी दोखम्यांवर सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवली, कोणी दहन पत्करले; वरळीला 2015 मध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनागृह झाले. घरोघरी वाद झाले असतील. पण पक्षी आला नाही म्हणून माणसे थांबली नाहीत. त्यांनीही आपला दर्भाचा कावळा शोधला.

दिवाळी आली. आमच्याकडे आकाशकंदील नव्हता, फराळ नव्हता. शेजारच्या काकूंनी रीतीप्रमाणे चकल्या आणि करंज्यांचा डबा आणून दिला, आणि काही न बोलता आईजवळ थोडा वेळ बसून गेल्या. धनत्रयोदशीला संध्याकाळी आईने दाराबाहेर कणकेचा दिवा ठेवला, दक्षिणेकडे तोंड करून. वर्षातून एकदाच त्या दिशेला दिवा लावायचा.

मी आईला जपानी लोकांच्या बोन सणाबद्दल सांगितले. त्या दिवसांत पितर घरी येतात म्हणून काही घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. यायला घोडा, म्हणजे लवकर येता यावे. जायला गाय, म्हणजे सावकाश जावे.

आई बराच वेळ दिव्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. हे फार घाईनं गेले."

मी आत जाऊन अण्णांच्या पलंगावरचे त्या दिवशीचे वर्तमानपत्र उचलले, आईजवळ बसलो आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागलो. तेव्हापासून रोज वाचतो. आईची दृष्टी अजून चांगली आहे. सुईत दोरा ती स्वतः ओवते. सकाळीच तिने सगळा अंक वाचलेला असतो, हेही मला माहीत आहे. तरी संध्याकाळ झाली की ती स्वयंपाकघरातून येऊन समोर बसते आणि विचारते, "आज काय म्हणतंय वर्तमानपत्र?"