लेकरू कोणाच्या हाती देतो?



वैशाख तोंडावर आला की माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. सप्त्याला कोणता महाराज सांगावा हे विचारणारी, आणि सुट्टीत लेकरे कोणत्या शिबिरात घालावीत हे विचारणारी. पहिल्यांना मी अजूनही चटकन उत्तर देतो. दुसऱ्यांनाही तीस-पस्तीस वर्षे चटकनच देत आलो. गेल्या उन्हाळ्यात तो प्रश्न माझ्याच घरात आला, आणि मी अडलो.

मी गंगाखेड तालुक्यातला, गोदाकाठचा. वय ७६. पन्नास वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. गुडघे आणि गळा दोन्ही थकले, तेव्हा चार वर्षांपूर्वी हात जोडून खाली उतरलो. मुलगा आणि सूनबाई परभणीला असतात, दोघेही नोकरीला. नातू अकरा वर्षांचा, नात नऊ वर्षांची. मे महिन्यात शाळा बंद होते ती जूनच्या मध्याला उघडते. एवढे दिवस लेकरे घरात एकटी, बाहेर पारा ४३-४४ अंशांवर आणि हातात मोबाइल. मुलगा म्हणाला, “आबा, तुमच्या ओळखीचे एवढे महाराज आहेत. तुम्ही सांगाल तिथं पाठवतो.”

नाव माझ्या जिभेवरच होते. एका ओळखीच्या महाराजांचे महिनाभराचे निवासी शिबिर, दोन जिल्हे ओलांडून. जेवण चांगले, शिस्त कडक, महिन्यात हरिपाठ तोंडपाठ. मी त्याचे गुण सांगत होतो. सूनबाई चहाचे कप उचलत होत्या. त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “आबा, एक विचारू का? रात्री तिथं लेकरांपाशी कोण झोपतं?”

मी तोंड उघडले आणि मिटले. मला ठाऊक नव्हते.

“आणि मुलींच्या खोलीपाशी कोणी बाईमाणूस असतं का?”

तेही ठाऊक नव्हते. माउली हो, इतकी वर्षे मी लोकांची लेकरे शिबिरांना पाठवीत आलो. तिथे काय शिकवतात ते मला माहीत होते. तिथे रात्री कोण जागे असते, हे मी एकदाही विचारले नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही. एक जुनी गोष्ट वर आली. कीर्तनात कधी सांगितली नाही, लाज वाटली. आज इथे लिहितो.

१९९०च्या आसपास एका गावी मी पंधरा दिवसांचे बालसंस्कार शिबिर घेतले होते. चाळीसेक मुले, देवळाच्या सभामंडपात सतरंज्यांवर झोपायची. त्यांत एक आठ वर्षांचे पोर होते. तिसऱ्या रात्री त्याने अंथरूण ओले केले. पहाटे काकड्याच्या वेळी मी त्याला ती ओली गोधडी हातात धरून सगळ्यांपुढे उभे केले. मुले हसली. मीही हसलो. शिस्त लागेल असे मला वाटले होते. दुपारच्या पंगतीला कोणी मोजदाद केली नाही. संध्याकाळी तीन कोसांवरून त्याच्या बापाचा निरोप आला, “लेकरू घरी पोचलं, काळजी करू नका.” ते पोर मे महिन्याच्या उन्हात अनवाणी, एकटे चालत गेले होते, आणि निरोप येईपर्यंत एक पोर कमी आहे, हे आम्हाला कळलेदेखील नव्हते. मी लोकांना सांगितले, मुलगा चंचल आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी शेगावची गजानन महाराजांची पालखी गंगाखेडला आली होती. रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांना पाणी देणाऱ्या एका गृहस्थाने माझ्या पायाला हात लावला. “महाराज, ओळखलं का? मी तो गोधडीवाला.” माझ्या हातातला पेला थरथरला. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, “हरिपाठ म्हणतोस का रे?” तो म्हणाला, “नाही महाराज. तवा सुटला तो सुटलाच. पण दरसाल पालखीला पाणी पाजतो.” मी भर रस्त्यात त्याला हात जोडले. तो गडबडला. “जाऊ द्या महाराज, लहान होतो मी.”

तो लहान होता, हाच तर माझा अपराध. एका माणसाला मी हरिपाठापासून तीस वर्षे दूर ठेवले, तेही हरिपाठ शिकवता शिकवता.

आमचे गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. आईबापांनी त्यांना लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी ठेवले, ही कथा मी हजार वेळा रंगवून सांगितली असेल. श्रोत्यांचे डोळे ओले व्हायचे आणि मी पुढच्या प्रसंगाकडे जायचो. त्या रात्री मात्र मी तिथेच थांबलो. एक चिमुरडी परक्या उंबऱ्यावर उभी आहे. बाप मागे फिरला आहे. आता ती कोणाच्या हाती पडणार? ते घर नामदेवरायांचे निघाले, म्हणून ती जगाची जनाई झाली. दुसरे कोणते घर असते तर? जनाबाईंनी विठोबाला पाहिले ते अंगाखांद्यावर लेकरे खेळवणारा बाप म्हणून. परक्या घरी वाढलेल्या लेकराला देवाचे हेच रूप दिसावे, याचा अर्थ मला पंचाहत्तरी उलटल्यावर लागला.

सकाळी मुलाला म्हणालो, “गाडी काढ. आधी बघून येऊ, मग ठरवू.”

आम्ही तीन ठिकाणी गेलो, कुठेही आगाऊ न कळवता. पहिले ते निवासी शिबिर. फाटक बंद होते. आतून सांगितले, पालकांनी फक्त रविवारी भेटायचे. मी नाव सांगितल्यावर मानाने आत नेले, पण माझ्या मनात आले, नाव नसलेल्या बापाने काय करावे? लेकरांना घरी फोन आठवड्यातून एकदा, तोही कार्यालयात सगळ्यांसमोर. ते महाराज वाईट नाहीत. पण बापाला वाटेल तेव्हा जिथे जाता येत नाही, ती जागा नऊ वर्षांच्या लेकरासाठी नव्हे.

दुसरे शहरातलेच, दिवसाचे. नाच, कराटे, इंग्रजी संभाषण, पोहणे. शिकवणारी मुले-मुली हुशार, हसतमुख. पण वेळ नऊ ते एक, आणि वर पत्र्याचे छत. अकरालाच त्याखाली उभे राहवत नव्हते. ऐंशी मुलांत पाण्याचा एकच माठ. तलावावर लक्ष ठेवायला एकच माणूस, तोही फोनवर बोलत होता. आम्ही नदीकाठची माणसे. ढालेगाव, मुदगल इथे बंधारे झाल्यापासून गोदावरीत उन्हाळ्यातही पाणी साठून असते आणि त्यात पोरे बुडाल्याच्या बातम्या आम्ही ऐकतो. पोहायला शिकवावे, जरूर शिकवावे. पण काठावरच्या माणसाची नजर पाण्यावरून हलता कामा नये.

तिसरे ठिकाण मुलाच्या वसाहतीजवळचे एक साधे देऊळ. सकाळी सात ते दहा. शिकवणारी विशी-बाविशीतली कीर्तनकार मुलगी, शेतकऱ्याची लेक. तिची आई कोपऱ्यात शेंगदाणे-गूळ वाटायला बसलेली. पंचवीसेक मुले, त्यांत निम्म्या मुली. दाराशी वही होती. कोण आले, कोणाला घ्यायला कोण येणार, घरचा फोन, कोणाला दमा आहे, कोणाला काय खाल्लेले चालत नाही, सगळे लिहिलेले. निंबाच्या सावलीत दोन रांजण. मागे मुला-मुलींची वेगळी, स्वच्छ स्वच्छतागृहे. आई-बापाने केव्हाही यावे आणि खांबाला टेकून बसावे.

मीही खांबाला टेकून बसलो. एक मुलगा मृदंगावर बोल वाजवताना चुकला. पुन्हा चुकला. मागची दोन पोरे खिदळली. माझा श्वास अडकला, कारण अशा वेळी मी काय केले असते ते मला ठाऊक होते. ती मुलगी उठली, त्याच्या शेजारी मांडी घालून बसली, आपल्या मांडीवर हाताने ठेका धरला आणि म्हणाली, “चल, दोघं मिळून चुकू.” सगळी हसली, तो मुलगाही हसला, आणि चौथ्या वेळेला हात बरोबर पडला.

मी मुलाला म्हणालो, “ठरलं.”

माउली हो, म्हणून आता कोणी विचारले तर मी शिबिराचे नाव सांगत नाही. सांगतो, न कळवता जा आणि एक गोष्ट बघा: लेकरू चुकले की शिकवणाऱ्याचा चेहरा कसा होतो. तिथे काय पाठ करून घेतात, ते त्यानंतर विचारा. मारझोड आणि मानसिक छळ शाळेत करू नये, असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितले आहे. देवळाला तो कायदा लागू आहे की नाही, असा वाद एका महाराजांनी माझ्याशी घातला. मी म्हणालो, “विठोबाच्या दारात त्यासाठी कायदा लागावा, हीच शरमेची गोष्ट आहे.”

उन्हाचेही सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात दहा-साडेदहाच्या पुढे लेकरू घरात पाहिजे. डोक्याला रुमाल, सोबत पाण्याची बाटली, मधूनमधून ताक, पन्हे, मीठ-साखरेचे पाणी. लेकराचे अंग तापले, ते बरळायला लागले किंवा ग्लानी आली, तर अंगारा शोधू नका. सावलीत घ्या, अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शिबिराच्या माणसाला हे येते का, विचारा. विचारायला लाजू नका. सोयरीक करताना आपण दहा चौकशा करतो. इथे तर पोटचे लेकरू देतो.

आणखी एक. लेकराला सांगून ठेवा, की कोणी एकांतात बोलावले, नको तिथे हात लावला, ‘घरी सांगू नको’ म्हटले, तर ते आधी घरी सांगायचे. तो कितीही मोठा महाराज असो, गळ्यात माळ असो, कपाळी गंध असो. लहानग्यांच्या रक्षणासाठी २०१२चा पॉक्सो कायदा आहे, आणि १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. असे लिहिल्याने संप्रदायाला बोल लागतो असे कोणाला वाटले, तर मी नम्रपणे म्हणेन, गप्प राहिल्यानेच बोल लागतो.

निवासी शिक्षण वाईट, असे मी म्हणत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. मी आळंदीतच माधुकरी मागून शिकलो, आणि त्या अन्नाचा ऋणी आहे. पण मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि माझ्या पायांनी, माझ्या हट्टाने गेलो होतो. ज्याला स्वतःची गोधडी घडी करता येते आणि ‘नाही’ म्हणता येते, त्याने खुशाल जावे. लहानग्याला संध्याकाळी आई दिसली पाहिजे.

मला तर आता वाटते, आपल्या संप्रदायाला दिवसाचे शिबिरच अधिक शोभते. आपला धर्म घर सोडून पळणाऱ्यांचा नाही. गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा मळा शिंपत होते, तुकोबारायांना बायको-लेकरे होती. मग लेकरांचा परमार्थ घरापासून तोडून कशाला शिकवायचा? सकाळी शिकावे, दुपारी घरी येऊन सांगावे, संध्याकाळी घरच्यांसोबत म्हणावे. रोज एक अभंग धरला तरी महिन्याभरात ज्ञानोबारायांचा हरिपाठ पुरा होतो. आणि लेकरू रोज घरी येते, तेव्हा दिवसभरात काय झाले तेही त्याच्यासोबत घरी येते. आईचे ‘आज काय झालं रे?’ हे तीन-चार शब्द म्हणजे मोठी राखण आहे.

आमच्याकडे काय झाले, तेही सांगतो. नातवाला क्रिकेट हवे होते. त्याला सांगितले, सकाळी देऊळ, संध्याकाळी मैदान. महिन्यात त्याचे अकराच अभंग पाठ झाले, पण मृदंगावर हात बसू लागला. नातीचे सगळे झाले. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात म्हणायची आणि सूनबाई पोळ्या लाटता लाटता मागून म्हणायच्या. जूनपर्यंत सूनबाईंचाही हरिपाठ पाठ झाला. लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षांत मी त्यांना तो कधी शिकवला नव्हता. मी जगाला शिकवत होतो.

शेवटच्या दिवशी त्या कीर्तनकार मुलीने मला दोन शब्द बोलायला सांगितले. समोर पंचवीस लेकरे. मी त्यांना गोधडीची गोष्ट सांगितली. कोणी हसले नाही. मग एका चिमुरड्याने विचारले, “आजोबा, तुम्ही त्याला सॉरी म्हणालात का?”

“म्हणालो,” मी सांगितले, “पण फार उशिरा.”

माउली हो, यंदाची सुट्टी जवळ आली आहे. तुमच्या लेकराच्या शिबिरात एकदा न कळवता जा आणि खांबाला टेकून बसा. आणि शिकवणारी व्यक्ती मायेची निघाली, तर तिच्या घरी दोन पायली ज्वारी न मागता पोचती करा.

रामकृष्ण हरी.