थर्ड पार्टीचं काय?

पुणे, ऑक्टोबर २०२५

प्रिय भाचेबुवांस,


तू पाठवलेली ‘हेंच’ वाचून झाली. सुपरहिरोंच्या गोष्टी मला पोरकट वाटतात, असं तू चिठ्ठीत लिहिलं होतंस. कोणी सांगितलं तुला? माझी तक्रार वेगळीच आहे. जन्मभर मोटार विम्याचे क्लेम बघितल्यावर, पडद्यावर गाडी उडाली की माझा जीव त्या गाडीच्या मालकासाठी तुटतो. हिरो आणि व्हिलन आपसात काय ते बघून घेतील. थर्ड पार्टीचं काय?

नटाली झिना वॉलशॉट्स या कॅनडातल्या लेखिकेने २०२० साली नेमका हाच प्रश्न घेऊन ही कादंबरी लिहिली, याचा मला फार आनंद झाला. तिची ॲना म्हणजे खलनायकांकडे रोजंदारीवर एक्सेलच्या शीटा भरणारी मुलगी. एकदा साहेबांबरोबर एका कार्यक्रमाला जाते, तिथे सुपरकोलायडर नावाचा महानायक येऊन थडकतो. ही त्याच्या वाटेत उभी असते, एवढाच तिचा गुन्हा. एका धक्क्यात पायाचं हाड मोडतं आणि वर नोकरीही जाते. मग मैत्रिणीच्या घरी पडल्या पडल्या ती हिशोब मांडायला बसते, की या हिरोने आजवर लोकांच्या आयुष्यातली किती वर्षं खाल्ली. भूकंप-पुरात झालेल्या हानीचा अंदाज काढतात, त्या पद्धतीने. असा एक सर्व्हेअर आमच्या ऑफिसात असता तर निम्म्या फायली वेळेत निघाल्या असत्या! पुढे मात्र ती लेव्हायथन नावाच्या बड्या खलनायकाच्या पगारावर येते, हिशोबाचा सूड होतो, आणि तिच्याही डावपेचांत माणसं चिरडली जातात. शेवट तर जेवणानंतर वाचू नये असा. पूर्वार्धाला फर्स्ट क्लास, उत्तरार्ध ग्रेस मार्कांवर पास.

आता सिनेमे. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये मेट्रोपोलिस जमीनदोस्त झालं, तेव्हा कोणाला पंचनाम्याचीही फिकीर नव्हती. जेम्स गनचा यंदाचा सुपरमॅन अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंजता झुंजता एक खारुताई उचलतो आणि बाजूला नेऊन ठेवतो. थिएटरात हशा पिकला. मला गडी तिथेच आवडला. आणि तो फलाफलवाला मलिक! रस्त्यात आदळलेल्या सुपरमॅनला हात देऊन उठवतो, आणि पुढे खलनायक लूथर त्याला सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो. ते दृश्य मनातून जात नाही. गंमत बघ, इमारती धडाधड कोसळल्या तरी आपल्या सेन्सॉरला काही वाटलं नाही, ३३ सेकंदांचं चुंबन मात्र खटकलं.

‘फँटॅस्टिक फोर’चं साठच्या दशकाच्या थाटातलं न्यूयॉर्क झकास आहे, कथा बेताची. पण त्यात खलनायक गॅलॅक्टस नायक रीडला म्हणतो, तुमचं बाळ द्या, पृथ्वी सोडतो. आणि रीड पत्रकारांपुढे हे खरं सांगून मोकळा होतो. लोक भडकतात. भडकणारच! पण निदान त्यांना विचारात तरी घेतलं. शेवटच्या मारामारीआधी लोकांना जमिनीखाली हलवतात, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पोरांनी वळून बघितलं.

सगळ्यात मनात राहिला तो ‘दशावतार’. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर काय उभे राहिलेत! सुबोध खानोलकरांनी सिनेमा थोडा ताणलाय, पण प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पडद्यावर आला की ते विसरायला होतं. इथे ज्याचं नुकसान झालं, तोच तोंडाला रंग फासून सूडाला उतरतो. आणि दुहेरी आयुष्य म्हणशील तर ते क्लार्क केंटला आत्ता सुचलं; आपल्याकडे दशावतारी नट ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ हे कधीपासून जगतोय. जत्रेतल्या दशावतारात संकासुराला घाबरून मी तुझ्या आजीच्या पदराआड लपायचो, आणि सकाळी तोच माणूस एसटीच्या थांब्यावर ट्रंकेवर बसून विडी ओढताना दिसायचा. कानामागे काळा रंग तसाच. गावोगाव लोक त्याला नावानिशी ओळखायचे. रात्री काही मोडतोड केलीन, तर सकाळी त्याला गाठता यायचं. सुपरहिरो उडून जातात, तिथेच सगळी गोची होते.

तू म्हणशील, बाबुलीही शेवटी सूडच घेतो, मग ॲनालाच ग्रेस मार्क का? माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. ॲना ज्यांना चिरडते, ते तिच्यासाठी शीटमधले आकडे असतात. बाबुली ज्याच्यावर उठतो, त्याच्या समोर जाऊन उभा राहतो. एवढ्याने खून माफ होत नाही, हे मलाही कळतं. पटत नसेल तर दिवाळीला ये, भांडू. त्याआधी ताईला ‘दशावतार’ दाखवून आण. भांडणात ती माझ्या बाजूने हवी.

तुझा,
मामा