रुखसत

उर्दू शाळेत रजेच्या अर्जाला रुखसतची दरखास्त म्हणतात. निरोपालाही शब्द तोच. अमेरिकेतल्या 'द टुनाइट शो'ची हकिगत वाचताना आम्हांला हा शब्द वारंवार आठवला. रात्री उशिराच्या गप्पांचा हा कार्यक्रम एनबीसी वाहिनीवर १९५४ साली सुरू झाला. जॉनी कार्सन यांनी तो १९६२ पासून तीस वर्षे चालवला, २२ मे १९९२ रोजी शेवटचा भाग केला आणि ते खरोखरच गेले. त्यांच्या जागी जे लेनो आले.

लेनोंनंतर कोनन ओब्रायन, असे वाहिनीने २००४ मध्येच जाहीर केले. मुहूर्त पाच वर्षांनंतरचा! १ जून २००९ रोजी कोनन खुर्चीत बसले. सोबतची माणसे न्यूयॉर्कचे बिऱ्हाड मोडून लॉस एंजेलिसला आली होती. पण सप्टेंबरात वाहिनीने लेनोंनाच रात्री दहाची वेळ दिली. जुने हेडमास्तर निवृत्त होऊन शेजारच्या खोलीत बसावेत, तसे हे झाले. लोकांनी लेनोंना दोष दिला. आमच्या मते दोष कारभाऱ्यांचा. त्यांना दोघांपैकी एकालाही सोडायचे नव्हते.

दहाच्या कार्यक्रमाला प्रेक्षक कमी मिळाले, त्यामागून येणाऱ्या स्थानिक बातम्यांचेही घटले, आणि गावोगावची केंद्रे कुरकुरू लागली. जानेवारी २०१० मध्ये तोड निघाली: लेनो ११.३५ला, कोनन १२.०५ला. 'टुनाइट' म्हणजे आज रात्री. आणि बाराला तर तारीख बदलते! घड्याळ शिकवणाऱ्या मास्तरला हा घोळ लगेच कळतो.

कोनननी नकार दिला. त्यांच्या निवेदनात एक मुद्दा आम्हांला फार मोलाचा वाटला. आपण मागे सरकलो तर आपल्यामागून कार्यक्रम करणाऱ्या जिमी फॅलन यांनाही मागे सरकावे लागेल, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल, असे त्यांनी लिहिले. स्वतःच्या पाटावरून उठवले जात असताना पंगतीतल्या पुढच्या माणसाची आठवण किती जणांना राहते? २२ जानेवारीला ते गेले. तडजोडीची रक्कम सुमारे साडेचार कोटी डॉलर असल्याचे वृत्तपत्रांनी छापले, पैकी सुमारे सव्वा कोटी सहकाऱ्यांसाठी. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढलेल्या आमच्यासारख्यांची नजर या दुसऱ्या आकड्यावरच खिळते.

१ मार्चला लेनो परतले. २०१४ मध्ये खुर्ची फॅलन यांच्याकडे गेली आणि कार्यक्रम न्यूयॉर्कला हलला. कोनननी मात्र नोव्हेंबर २०१० मध्येच दुसऱ्या वाहिनीवर नवा कार्यक्रम मांडला होता. जुन्या मंडळींपैकी बरीच त्यांच्यासोबत होती.