दोन हजारांची दहा मिनिटं

सोमवार, सकाळचे अकरा. हिंजवडीतल्या ऑफिसात आमचा स्टेटस कॉल रंगात आलेला. कोण किती मागे आहे आणि ती चूक कोणाची, यावर नेहमीची खो-खो सुरू होती. तेवढ्यात फोन थरथरला. स्क्रीनवर ‘बाबा’.

आमचे बाबा ऑफिसच्या वेळेत फोन करत नाहीत. त्यांनी फोन केला तर माझा कॉम्प्युटर बंद पडेल, अशी त्यांची काहीतरी समजूत असावी. त्यामुळे पोटात गोळा आला. हेडफोन काढून फेकला आणि कॉरिडॉरमध्ये पळालो.

“मी लिंक दाबली नाही बरं,” हे बाबांचं पहिलं वाक्य.

“कोणती लिंक?”

“मेसेज आला. गाडीले दंड झाला म्हणते. दोन हजार. तूच सांगतो ना, असे मेसेज फ्रॉड असते म्हणून. म्हणून आधी तुले फोन केला.”

जीव भांड्यात पडला. आणि लगेच बाहेरही आला. कारण गाडी माझ्याकडे आहे, पण बाबांच्या नावावर आहे.

ही गाडीची गोष्ट सांगायलाच हवी. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. रिटायर झाल्यावर हातात पैसे आले, तेव्हा त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली. यवतमाळला, एमएच २९ नंबरची. दोन महिने रोज पुसली. मग मी पुण्यात बाइकवरून पडलो, हात फ्रॅक्चर झाला, आणि बाबा म्हणाले, “गाडी घेऊन जाय. मले कुठं जा लागते आता?” तेव्हापासून ती पुण्यात, माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. कागदावर मालक बाबा, मोबाइल नंबर बाबांचा. चालवणारा मी.

तर मेसेज खरा की खोटा? आता हे शोधणं सोपं आहे. व्हॉट्सअॅपवर कोणी चलनाच्या नावानं एखादी एपीके फाइल पाठवली, तर ती डोळे मिटून डिलीट करायची. मेसेजमधल्या लिंकवरही जायचं नाही. वाहतूक पोलिसांची ई-चलनाची सरकारी साइट आपली आपण उघडायची. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढं बघायचं. गाडीचा नंबर टाकायचा, चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे, की सगळं पाप समोर येतं. आकडे मला पाठ नव्हते. आरसी खाली गाडीत. बाबांनी जुन्या इन्शुरन्सच्या कागदावरून वाचून दाखवले. दोनदा. मग मला उलट म्हणून दाखवायला लावले.

चलन खरं होतं. फोटोसकट. महामार्ग पोलिसांच्या त्या इंटरसेप्टर गाड्या असतात ना, लेझर गनवाल्या? त्यातली एक दारव्हा रोडला उभी होती. मर्यादा ७०. माझा वेग ९८. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून दंडाचे नवे दर लागू झाले, त्यानुसार कारसाठी दोन हजार रुपये.

मी स्क्रीनशॉट काढला आणि बाबांना पाठवला. सोबत एक्स्प्लनेशनही तयार होतं. आपल्याला ऑफिसनं दुसरं शिकवलंय काय! “बाबा, समृद्धीवर कारला १२० चालतं. तीनेक तास त्याच स्पीडनं आलं की पायाला सवय लागते. कारंज्याला खाली उतरलं तरी पाय वर येतच नाही. सगळ्यांचं होतं.”

हे अगदीच खोटं नाही. पुण्याहून यवतमाळ म्हणजे सहाशेच्या आसपास किलोमीटर. नगर, संभाजीनगर करत समृद्धीला लागायचं, कारंजा लाडला उतरायचं आणि दारव्ह्यावरून घरी. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेत कारसाठी एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा दिली आहे. म्हणजे एका वळणावर १२०चे ७० व्हायचे. मेंदूला कळतं, पायाला वेळ लागतो.

बाबा म्हणाले, “बरं.” आणि फोन ठेवला.

लंच टेबलवर चलन हा हिट विषय ठरला. प्रत्येकाकडे एक चलन आणि एक सल्ला. “भरू नको बॉस, लोकअदालत लागते, तिथे बघू.” “तक्रार टाक, गन चुकली म्हण.” “काय फरक पडतो? माझी सात पेंडिंग आहेत.” एक सीनियर म्हणाले, आमच्या वेळी परगावी पकडलं की लायसन्स जप्त व्हायचं, सोडवायला पुन्हा त्याच गावी जायचं, एक रजा फुकट. त्या मानानं तुमचं बरं आहे. चहा पिता पिता भरून टाका.

मी ‘थांबू’ पार्टीत जाणार होतो. मग लक्षात आलं, थांबलो तर कोर्टाची नोटीस कोणाच्या नावावर येईल? यवतमाळच्या घरी, पोस्टमन आणून देईल, आणि चष्मा शोधून ती वाचणार बाबा. आमच्या शोकेसमध्ये एक बिल्ला आहे. विनाअपघात सेवेबद्दल एसटीनं दिलेला. पाहुणे आले की आई तो काचेच्या पुढच्या बाजूला सरकवते. त्या माणसाच्या नावावर आयुष्यातला पहिला दंड मी लावला होता.

दोन हजार भरले. दोन मिनिटं लागली. विषय संपला असं वाटलं.

रात्री जेवण झाल्यावर पुन्हा फोन. पुन्हा बाबा. एका दिवसात दोन म्हणजे रेकॉर्डच.

“तो फोटो पाह्यला मी.”

“भरले मी पैसे, बाबा. पावती पाठवतो.”

“ते ठीक हाये. पण हा येतानाचा नाही, जातानाचा हाये.”

मी गप्प.

“रविवारचे बारा वाजून बारा मिनिटं. तू इथून निघाला पावणेबाराले. समृद्धी तर अजून लागलीच नव्हती. मंग पायाले सवय कायची लागली बे?”

काय सांगणार? खरं म्हणजे कसलीच घाई नव्हती. ‘सोमवारी सकाळी मीटिंग आहे, लवकर निघतो’ असं मी घरी सांगितलं होतं. मीटिंग म्हणजे हाच तो खो-खोचा कॉल, दर सोमवारचा, झोपेतही अटेंड करता येईल असा. खरं कारण वेगळं होतं. घरी गेलो की पहिला दिवस मस्त जातो. आईच्या हातची पातोडीची भाजी, जुन्या मित्रांबरोबर गावात एक चक्कर, अंगणात बाज टाकून झोप. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला अंगात मुंग्या आल्यासारखं होतं. तेच प्रश्न, तेच टीव्हीचं वाढवलेलं व्हॉल्यूम. कधी एकदा माझ्या वन बीएचकेत जाऊन पंख्याखाली पडतो असं होतं. तुमचंही होत असेल. आपण बोलत नाही, एवढंच.

म्हणजे मी घराकडे जाताना नव्हतो पकडला गेलो. घरापासून पळताना सापडलो होतो.

बाबा चिडले असते तर सोपं झालं असतं. ते चिडले नाहीत. ते रस्त्याबद्दल बोलायला लागले. दारव्हा रोड त्यांच्या तळहातावर आहे. “आता कापसाचे दिवस हायेत. गाडीच्या बाहेर हातभर कापूस लोंबते, मागचं काही दिसत नाही. रोही आडवा येते, एक गेला म्हणून सोडला की मागून दुसरा येते. सत्तरवर ब्रेक मारला तर गाडी एवढ्यात थांबते, अन् तुझ्या अठ्ठ्याण्णववर?” फोनवर त्यांचे हात मला दिसत होते. मी नंतर हिशोब केला. फिजिक्स आठवलं. वेगाच्या वर्गाच्या पटीत ब्रेकचं अंतर वाढतं. ७०चे ९८ झाले की ते जवळपास दुप्पट होतं. बाबा दहावी नापास आहेत. उत्तर बरोबर होतं.

“बरं, वेळ किती वाचला?”

यवतमाळ ते दारव्हा चाळीसेक किलोमीटर. सत्तरनं चौतीस मिनिटं, अठ्ठ्याण्णवनं पंचवीस. तेही सगळा रस्ता रिकामा मिळाला तर. “दहा मिनिटं,” मी म्हणालो. “फार तर.”

बाबा जरा थांबले. “तुझ्या आईनं चहा ठेवला होता निघतानी. तू उभ्या उभ्याच नाही म्हणला. दहा मिनिटं.”

बस्स. एवढंच. टोमणा नव्हता त्यात. आकडा होता. पण दोन हजार रुपयांनी जे झालं नव्हतं, ते त्यानं झालं.

पुढच्या महिन्यात गेलो, ते तीन दिवस राहिलो. मुंग्या आल्या, नाही असं नाही. पण बसून राहिलं की त्या जातातही, हे नव्यानं कळलं. एका दुपारी बाबांना घेऊन दारव्ह्याला गेलो. काम काही नव्हतं. पासष्टवर काटा ठेवला. बाबा रस्त्याकडे बघत शकुंतलेबद्दल सांगत होते. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी आमची नॅरोगेज, ११३ किलोमीटरची. १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची. धावायची म्हणजे काय, चालायचीच. आता तीही बंद आहे. “त्या गाडीत कोणाले घाई नव्हती,” बाबा म्हणाले, “अन् घाई असन तर तो माणूस एसटीनं ये माझ्या.” स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

लाडखेडच्या पुढे बघतो तर झोपले होते. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाही. पाय सतत ब्रेकवर असल्यासारखा दाबत बसतो. आतापर्यंत माझ्या शेजारी ते तसेच बसायचे. मी काटा साठवर आणला.

निघायच्या आदल्या रात्री मी म्हणालो, “बाबा, आरसीला आणि फास्टॅगला माझा नंबर टाकून देतो. तुम्हाला उगाच मेसेजचा त्रास.”

“राहू दे.”

“अहो, पण टोल कापला की दरवेळी तुम्हाला मेसेज येतो.”

“येते ना. कारंज्याचा टोल कापला की तुझी आई कुकर लावते.”

नंबर बाबांचाच आहे. आणि हो, या वेळी निघताना चहा घेतला. बसून.