डबे आणि ओव्या

दिवाळीच्या तोंडावर आमच्या लवळ्याच्या घरात माळ्यावरचे पितळी डबे खाली येत. चिंचेने घासून, उन्हात वाळवून आई ते ओळीने मांडून ठेवी. कुठल्या डब्यात काय जायचे हे ठरलेले असे, आणि लाडवांच्या डब्यावर माझी नजर असे हेही ठरलेलेच असे! पुढे नोकरीसाठी गाव सुटले, आई गेली, डबे स्टीलचे झाले. पण निवृत्त होऊन गावी परतल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मला एका नव्याच डब्याचा नाद लागला. त्या डब्याला संगणकवाले ‘कंटेनर’ म्हणतात.

त्याचे असे झाले. १९८८ च्या दिवाळीत आत्या माहेरी आली होती. पहाटे ती आणि आई जात्यावर बसल्या, आणि मी हौसेने आणलेल्या टेपरेकॉर्डरवर त्यांच्या ओव्या भरून घेतल्या. ती कॅसेट परवा ट्रंकेत सापडली. पुतण्याने तिच्यातला आवाज संगणकात उतरवून दिला. आईचा आवाज तब्बल पंचवीस वर्षांनी घरात घुमला. पण जात्याच्या घरघरीत शब्द काही केल्या लागेनात. आईला विचारण्याची सोय उरली नव्हती. उरली होती ती एकटी आत्या. ती आता शहाऐंशीची.

आपल्या भागात ओव्यांचे मोल जाणणारी माणसे होऊन गेली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; ‘पारी’च्या संग्रहातून त्या २०१७ पासून लोकांपुढे येत आहेत. एवढ्या लाखांत आमच्या घरच्या चाळीस-पन्नास ओव्यांची ती काय कथा! पण घरच्या निरांजनाने गाव उजळत नसले, तरी आपण ते लावतोच की!

हिंजवडीत नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, “काका, ऐकून लिहून काढणारा एक कारकून आहे. नाव व्हिस्पर. पगार शून्य!” २०२२ साली हा कारकून सर्वांसाठी खुला झाला. ६ लाख ८० हजार तासांचे ध्वनिमुद्रण ऐकवून त्याला तयार केले आहे. त्याचा उघडा ग्रंथ कुणीही घ्यावा, बदलावा, त्याला आपली बोली शिकवावी, आडकाठी नाही.

मी लगेच बाह्या सरसावल्या. चार दिवस खपलो. या कारकुनाला पायथॉन लागते. ते माझ्याकडे होते, पण जुन्या आवृत्तीचे. नवे आणले, तर दुसरे काहीतरी रुसून बसले. मग कळले की, आवाज उलगडण्यासाठी एफएफएमपेग नावाचा मदतनीसही लागतो. तो आणला, तोवर पहिल्याने पुन्हा असहकार पुकारला. लग्नघरात सगळ्या व्याह्यांना एका पंगतीला बसविणे याहून सोपे! पुतण्याला फोन केला, तर तो म्हणाला, “माझ्याकडे तर चालतंय!”

रविवारी तो स्वतः आला आणि समजावू लागला. “काका, आजीच्या लाडवाची कृती आईकडे आहे. तरी लाडू तसा का होत नाही? बेसन वेगळं, तूप वेगळं, कढई वेगळी. म्हणून आता नुसती कृती नाही पाठवायची. बेसन, तूप, कढई सगळं एका डब्यात बंद करून पाठवायचं. शेगडी तेवढी ज्याची त्याची.”

या युक्तीचे मूळ बंदरावर आहे. १९५६ साली माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन मालवाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ जहाजावर अठ्ठावन्न पेट्या चढविल्या. आत काय आहे याची उठाठेव क्रेनने करायची नाही, पेटी उचलायची नि ठेवायची. आपल्या न्हावाशेव्याला आज तेच चालते. २०१३ साली संगणकात हीच रीत लोकप्रिय करणारे साधन आले, त्याचे नाव ‘डॉकर’, म्हणजे गोदी कामगार!

पुतण्याने पंधरा-वीस ओळींचा एक कागद लिहिला. पाया कुठला, पायथॉन कितव्या आवृत्तीचे, मदतनीस कोण, सगळे नेमके. एक आज्ञा दिली, नि अर्ध्या तासात डबा तयार. कारकून कामाला लागला. गाण्यापुढे आणि जात्यापुढे बिचाऱ्याची फार त्रेधा उडे. नुसती घरघर आली की एकच शब्द तो दहा वेळा लिही. पण चुकीचा का होईना, मजकूर समोर आला की दुरुस्त तरी करता येतो! मी रोज संध्याकाळी पिरंगुटला आत्याकडे जाई, कॅसेट ऐकवी, ती शब्द सांगे, मी रात्री घरी येऊन ते संगणकात घाली. या शुद्ध प्रतीवरून पुढे यंत्राला शिकवायचे, असा आमचा बेत होता.

अकरा संध्याकाळी अशा गेल्या. बाराव्या दिवशी मी व्यवस्थितपणाच्या हौसेने डबा मोडला. कागद आहे, पुन्हा बनेल! बनलाही, हुबेहूब तसाच, पहिल्या दिवसासारखा कोराकरकरीत. माझ्या दुरुस्त्या मी त्या डब्याच्याच पोटात ठेवल्या होत्या. बाहेरचा कप्पा त्याला जोडून कामाचे कागद त्यात ठेवायचे असतात, हे पुतण्याने सांगितले होते. मी मान डोलावली होती. टिपणाचे कागद? ते तर मी रोजच्या रोज फाडून टाकीत होतो!

त्या रात्री मला झोप आली नाही. आईचे शब्द दुसऱ्यांदा हरवले, आणि या वेळी ते मीच हरवले होते.

दुसऱ्या दिवशी चोरासारखा आत्यापुढे उभा राहिलो. ती हसली. “अरे, मी हाय ना अजून? बस.” पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पण गंमत अशी, की कॅसेट थांबली तरी आत्या थांबेना. एका ओवीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. कॅसेटवर भावाची ओवी होती, तिथे ती वहिनीची, म्हणजे माझ्या आईची, ओवी गाऊ लागली. मी म्हटले, “आत्या, ही तर यात नाही!”

“नसंल. तुझी आई तवा शेजारी बसली हुती. तिच्या तोंडावर तिचीच कशी गाऊ?”

त्या ओव्या मी लिहून घेतल्या. बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या, वहीतही उतरविल्या.

यंदा वसुबारसेला आत्याला माहेरी आणले. ओटीवर पुतण्याने आपल्या संगणकावर त्याच कागदावरून डबा बनविला. माझ्याकडे जसा, तस्सा तिथेही उभा राहिला. आम्ही दोघे पडद्याकडे कौतुकाने बघत होतो. आत्याचे तिकडे लक्षच नव्हते. आईचा आवाज सुरू होताच तिने पदर सावरला, आणि जाते नसतानाही तिचा उजवा हात हळूहळू गोल फिरू लागला.