क्वार्टर शीट

नवशिक्यांच्या जलरंग कार्यशाळेची तारीख जाहीर केली की पहिला फोन फीसाठी येत नाही, साहित्यासाठी येतो. “मॅडम, काय काय आणायचं, यादी पाठवा ना.” आधी मी पाठवतही होते. पण यादी एकच असली तरी येणाऱ्या पिशव्या भलत्याच वेगवेगळ्या असतात. एक निवृत्त अभियंता परदेशातल्या मुलाने पाठवलेली अठ्ठेचाळीस रंगांची पेटी घेऊन आले होते. ती उघडायला त्यांचा जीव होईना. त्यांच्या शेजारच्या काकूंकडे नातवाच्या उरलेल्या रंगवड्या आणि शाळेची चित्रकलेची वही. संध्याकाळी दोघांची चित्रं भिंतीला टेकवून ठेवली, आणि काकू म्हणाल्या, “आमच्या हातात नाही हो कला.”

हातात काय आहे आणि वहीत काय आहे, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. तेव्हापासून यादी बंद. दोन दिवसांचं सगळं साहित्य मीच गोळा करते आणि खर्च फीमध्ये धरते.

त्या काकूंची वही मला पाठ आहे. इचलकरंजीत माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते, जून महिना आला की घरात वह्या-पुस्तकांचा हिशेब मांडला जाई आणि चित्रकलेचं सामान त्यात सगळ्यात शेवटी. पत्र्याची चपटी पेटी, तिच्यात रंगांच्या बारा वड्या, झाकणात अडकवलेला एक ब्रश. ब्रशचे केस दिवाळीपर्यंत आभाळात चिकटून संपलेले असत. वहीचा कागद पहिलं पाणी कसंबसं सोसायचा, दुसऱ्या हाताला त्याची लव निघायची, आणि वाळला की पापडासारखा वाकडा. माझं प्रत्येक आभाळ फाटकं. “हात हलका ठेव,” असं सर म्हणायचे. मी हात हलका ठेवत ठेवत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली, इंटरमीजिएटची तयारी सुरू केली, आणि आभाळ फाटकं ते फाटकंच.

मग एका शनिवारी सरांनी त्यांच्या कपाटातून जाड कागदाचा एक तुकडा काढून दिला, त्यांच्या विद्यार्थिदशेतला उरलेला. कडा पिवळ्या पडलेल्या. मी नेहमीसारखंच पाणी फिरवलं, नेहमीसारखाच निळा सोडला. निळा पसरला, थोडा वेळ ओला चमकत राहिला आणि मग आपल्या आपण वरून खाली फिकट होत वाळला. लव नाही, डाग नाही. मी पुन्हा ब्रश लावलासुद्धा नव्हता. सर म्हणाले, “बघ, जमलं की!” मला मात्र त्याच वेळी राग आला होता. कुणावर ते सांगता आलं नसतं, पण इतकी वर्षं हलका ठेवलेला हात आठवून आला होता हे नक्की.

नवशिक्याच्या सामानात काटकसर कुठेही करावी, कागदात करू नये, हे माझं मत त्या तुकड्यापासूनचं. बाजारातला सल्ला उलटा आहे. आधी स्वस्तात शिका, हात बसला की चांगला कागद घ्या. पण स्वस्त कागदावर हात बसतच नाही. जलरंगात अर्धं काम पाणी करतं आणि त्या पाण्याला थांबायला जागा कागद देतो. मुरलेला चित्रकार वाईट कागदालाही वळवून घेईल, नवख्याला ते जमायचं नाही. म्हणजे चांगल्या कागदाची खरी गरज ज्याला आहे त्यालाच आपण तो नाकारतो.

आता कागदाचं गणित. पूर्ण इम्पिरियल शीट म्हणजे 22 बाय 30 इंच. वजन 300 जीएसएम असलं की बोर्डवर ताणून बसवायची कटकट राहत नाही, चार बाजूंना मास्किंग टेप पुरते. पोत मध्यम, म्हणजे कोल्ड प्रेस. शंभर टक्के सुती कागदाची शीट मला पाच-सातशेच्या खाली मिळत नाही, आणि हा आकडा ऐकला की नवशिक्याचा हात दुसऱ्याच कारणाने जड होतो. एवढ्या महाग कागदावर कुणी मोकळेपणाने पाणी ओतत नाही. म्हणून मी शीट कापते. अर्ध्याचं अर्धं केलं की 11 बाय 15 इंचांची क्वार्टर, तिचं पुन्हा अर्धं केलं की वहीच्या पानाएवढा तुकडा. सरावाला हेच तुकडे, दोन्ही बाजूंनी वापरायचे. क्वार्टर दुसऱ्या दिवशी, एकेकाला एक.

पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, 1940 साली सुरू झालेली. ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला असताना आमची सहल तिथे गेली होती. होजिअरीच्या कापडाच्या कातरणांचा लगदा हौदातून जाळीवर उचलला की कागद होतो, हे तिथे पाहिलं. इचलकरंजीची पोर असल्यामुळे मला चिंध्यांचं नवल नव्हतं, नवल वाटलं ते खळीचं. सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ देतात, सायझिंगचे कारखाने आमच्या गावात गल्लोगल्ली. कागदालाही तशीच खळ लागते, अनेकदा जिलेटिनची, नाहीतर तो टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. आणि इथे कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदाची ही खळ दमटपणाने मरते. वरून शीट स्वच्छ दिसते, पण रंग लावला की देवीच्या व्रणांसारखे ठिपके उठतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी कागदाचा साठा करत नाही आणि कार्यशाळाही घेत नाही. मे महिन्यातही नाही, ब्रश पॅलेटवरून कागदापर्यंत येईतो वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, वाळलेला असतो. थंडीच बरी.

रंगांची गोष्ट वेगळी. तिथे काटकसर चालते, उलट करावीच. विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या 5 मिलीच्या ट्यूब पुष्कळ झाल्या. 1931 साली दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या-गोळ्यांपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या रंगांवर महाराष्ट्रातल्या पिढ्या वाढल्या आहेत, नवशिक्याचंही त्यावर काही अडत नाही. मी चार ट्यूब घेते. गॅम्बोज, क्रिम्सन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. काळा नाही, पांढरा नाही. पांढरा कागदच पुरवतो. प्रशियन ब्लू मुद्दाम नाही, तो एकदा पॅलेटवर आला की बाकीच्यांना बोलू देत नाही.

“चारच?” हा प्रश्न दरवेळी येतो. मग मी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून दाखवते. थोडा निळा जास्त घेतला की पावसाळी ढग, तपकिरी जास्त घेतला की भिजलेली वाट, पाणी कमी करून दोन्ही सारखे घेतले की जवळजवळ काळा. वर्गात हमखास शांतता होते, कारण सगळ्यांनी शाळेत राखाडी रंग काळ्यात पांढरा घालून केलेला असतो आणि तो मेलेला दिसतो हेही पाहिलेलं असतं. त्यातून वाळताना अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ढगाला आपोआप दाणा येतो. हे पाहायलासुद्धा कागदाला पोत हवा, गुळगुळीत वहीवर हा दाणा दिसायचाच नाही.

हे दोन्ही रंग आपल्या घरात फार आधीपासून आहेत. अल्ट्रामरीन एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्दी दगडापासून करत आणि युरोपात तो सोन्याच्या तोलाचा मानला जाई. 1828 साली फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त गिमे याला तो कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं आणि रंग स्वस्त झाला. इतका, की पांढऱ्या धोतरांना देण्याची नीळ म्हणून त्याची पूड किराणा दुकानात पुडीने मिळू लागली. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली, लोहाचा अंश असलेली माती, आपल्या गेरूची सख्खी बहीण. माझी आई शनिवारी वडिलांचे सदरे निळीत बुचकळायची आणि दिवाळीआधी तुळशीवृंदावनाला गेरू लावायची. दोन्ही भांडी मोरीत शेजारी धुतली जायची, तेव्हा मोरीच्या तोंडाशी कोणता रंग होत असेल, याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

ब्रश एकच, गोल, आठ किंवा दहा नंबरचा. घ्यायची रीत अशी, की दुकानात पाण्याचा पेला मागायचा, ब्रश बुडवायचा, एक झटका द्यायचा आणि टोक सुईसारखं एकत्र येतं का ते पाहायचं. येत नसेल तर परत. पूर्वी दुकानदार काउंटरच्या खालून मुंगसाच्या केसांचा ब्रश काढून दाखवत आणि आम्ही विद्यार्थी तो हातात धरूनच खूश होत असू. ते केस कसे मिळतात याचा विचार तेव्हा दुकानदाराने केला नव्हता आणि आम्हीही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने आता तो व्यापार गुन्हा आहे, तरी तपासणीत असे ब्रश सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात शेरकोट हे ब्रश बनवणाऱ्यांचं गाव, तिथून येणारा कृत्रिम केसांचा ब्रश आता इतका चांगला असतो की हळहळायचं काही कारण उरलेलं नाही.

उरलेलं सामान दुकानात मिळत नाही, तरी त्यावाचून अडतं. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. श्रीखंडाचे रिकामे डबे त्यासाठी उत्तम, बसके असल्याने लवंडत नाहीत. पॅलेटऐवजी पांढरी चिनी मातीची बशी. प्लास्टिकच्या पॅलेटवर रंगाचे थेंब गोळा होऊन बसतात, बशीवर तो नीट पसरतो. आणि सुती चिंधी, बऱ्याच वेळा धुतलेली. टिश्यू पेपर मी ठेवतच नाही. ब्रशमध्ये पाणी किती आहे हे चिंधीवर टेकवल्याशिवाय कळत नाही, आणि जलरंगातलं सगळं शिक्षण शेवटी तेवढंच आहे असं मला वाटतं. चिंध्यांसाठी मी आसपासच्या घरांतून जुन्या सुती साड्या मागून आणते. शेजारच्या वहिनी देताना दरवेळी म्हणतात, “आमचं पातळ चित्रात उमटलं पाहिजे हं.”

जेवणाच्या सुट्टीत हळदणकरांचं नाव निघतंच. सावळाराम हळदणकरांनी 1945-46 च्या सुमाराला काढलेली, हातात समई घेतलेली तरुणी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लोक पाहून आलेले असतात. तिच्यासाठी उभ्या राहिलेल्या त्यांच्या कन्या गीताताई उपळेकर कोल्हापूरच्याच रहिवासी होत्या. त्यामुळे इथे या चित्राबद्दल घरचं असल्यासारखं बोलतात. ते चित्र जलरंगात आहे म्हटलं की मात्र कुणीतरी हमखास म्हणतं, “छे, तेलरंग असणार.” मी वाद घालत नाही. दुपारी स्वतः एक वॉश देऊन झाला की त्यांच्या बोलण्याचा सूर बदलतो.

दुसऱ्या दिवशी क्वार्टर शीट वाटते तेव्हा थोडी गडबड उडते. “हा आधीचाच कागद ना?” अशी खात्री करून घेतात. आधीचाच, फक्त मोठा. मागच्या हिवाळ्यात त्या काकू पुन्हा आल्या होत्या. त्यांनी रंकाळा तलावाचं पाणी आणि वरचं आभाळ एका दमात, एकाच ओल्या हाताने केलं. अधेमधे डाग पडले आहेत, डाव्या कडेला रंग परत फिरून फुलकोबी झाली आहे. त्यांनी ते पाहिलं, बोर्ड थोडा तिरपा केला आणि विचारलं, “मॅडम, इथे माझं पाणी जास्त झालं का?” हात नाही, कला नाही. पाणी.

यादी मी शेवटच्या संध्याकाळी देते. चार ट्यूब, एक ब्रश, एक शीट. दुसऱ्याच दिवशी सगळी मंडळी माझ्या नेहमीच्या दुकानात थडकतात, आणि पुढच्या खेपेला मी गेले की दुकानदार गाऱ्हाणं घेऊन तयार असतो.

“मॅडम, तुमच्या माणसांना अठरा रंगांचा बॉक्स दाखवला तर बघत पण नाहीत. आमचा धंदा कसा व्हायचा?”

“कागद घेतात की चांगला.”

“घेतात. पण शीट जागेवर कापून मागतात, आणि पट्टीने मोजून बघतात.”